न धुतलेली किटली

लिपोव्काचा इतिहास कुणालाही विचारा, त्याच ठरलेल्या गोष्टी ऐकायला मिळतात. आधी इथं नुसते दगड होते. मग माणसं आली, त्यांनी दगड वेचून बांध घातले, आणि पुढच्या वर्षी बर्फ वितळल्यावर तेवढेच दगड जमिनीतून पुन्हा वर आले. मग स्वीडिश फौज आली आणि गावच्या गाई हाकत घेऊन गेली. मग आग लागली. मग बादशहानं तोफा ओतायला तळ्याकाठच्या देवळीतली घंटा नेली. गावानं पोटाला चिमटा घेऊन नवी घंटा केली, तर ती जर्मनांनी नेली. सगळं बाहेरच्यांनी केलं बरं का! गावानं आपण होऊन काही केलं, असं या इतिहासात शोधून सापडायचं नाही. किटलीची गोष्ट तर कुणी काढतच नाही.

ती किटली प्रोकोप कुबेशच्या घरची. निळ्या मुलाम्याची, तारेच्या कडीची, कानाजवळ अंगठ्याएवढा टवका उडालेली. दर हिवाळ्यात कुबेशांकडं डुक्कर पडलं, म्हणजे कापलं, की ती रक्ताच्या काळ्या सारानं काठोकाठ भरून रस्त्यापलीकडं सिरिल पोहांकाच्या घरी यायची. सोबत फडक्यात बांधलेल्या दोन सॉसेजा आणि चरबीचा एक तुकडा. सिरिलकडं डुक्कर पडलं की त्यांची किटली तिकडं जायची. ही लिपोव्काची रीत. आणि रीतीतली रीत अशी, की रिकामी किटली धुवून परत करायची नाही. धुतली तर देणाऱ्याच्या गोठ्यातली बरकत धुतली जाते, पुढचं डुक्कर अन्नाला तोंड लावत नाही. तळाला बार्लीचे चार दाणे, कडेला चरबीचा पांढरा थर, तशीच झाकण लावून ती देणाऱ्याच्या फाटकाच्या दगडी खांबावर अडकवायची. आभार मानायला जायचं नाही. खांबावर किटली दिसली की समजायचं, पोचलं, खाल्लं, बरं वाटलं. शेजारच्या गावचे हसायचे, "लिपोव्काची माणसं भांडीसुद्धा घासत न्हाईत!" हसेनात का. त्यांच्याकडची डुकरं तरी कुठं मोठी लागून गेली होती.

त्या वर्षी उन्हाळाभर पाऊस थांबला नाही. बटाटे जमिनीतच सडले. फावडं मारलं की घाण वास यायचा आणि हाताला पांढरा चिकट चोथा लागायचा. वरून लेव्ही मात्र चांगल्या वर्षाचीच आली. इतके बटाटे, इतकं दूध, इतकी अंडी सरकारला घाला. ज्याची लेव्ही पुरी नाही त्याला डुक्कर मारायचा परवाना नाही. सिरिलची जमीन थोडी, दोन गाईंवर औत चालायचं, त्यामुळं लेव्हीही थोडी. त्यानं ओढूनताणून भरली. प्रोकोपची जमीन गावात सगळ्यांत जास्त, त्याच्याकडं फुक्सा आणि लीझा ही घोड्यांची जोडी. त्याची लेव्ही निम्मीसुद्धा झाली नाही. आणि तालुक्याला तेच हवं होतं. सामुदायिक शेतीच्या कागदावर प्रोकोपनं सही केली नव्हती, आणि तो करत नाही तोवर गावातलं दुसरं कुणी करत नव्हतं.

दर वसंतात सिरिलचं गाईंना न झेपणारं दगडाळ रान नांगरायला प्रोकोपचीच घोडी यायची. बदल्यात प्रोकोप काही घ्यायचा नाही. "ठेव रं, बायकोला लुगडंलत्ता घे," म्हणायचा, तेही सगळ्यांसमोर, मोठ्यानं हसत. सिरिलही हसायचा. पण घरी आल्यावर त्या हसण्यानं त्याचं तोंड दुखायचं. उपकार म्हणजे ओल्या लाकडांची मोळी, पहिल्या वळणाला हलकी वाटते.

थंडी कडक पडली तेव्हा एका सकाळी प्रोकोप सिरिलच्या लाकडाच्या खोपीत आला. दारात उभा राहून त्यानं आधी मागं-पुढं बघून घेतलं.

"सोमवारी तुझं डुक्कर पडतंय न्हवं?"

"पडतंय. परवाना हाय."

"मग माझं गुरुवारी पडंल."

सिरिलच्या हातातली कुऱ्हाड थांबली. "आन तुझा परवाना?"

"माझा परवाना बटाट्यासंगं सडला." प्रोकोप हसला आणि लगेच गंभीर झाला. "आपोलेनाला काय खायला घालू रं? सडके बटाटे? तुझ्या डुकराचा वास गुरुवारपातुर गल्लीत राहतोच. कुणी नाक वर केलं तर म्हणंल, पोहांकाचं हाय. राहिला आवाज. तुझी गोल करवत किती वरडते?"

"डुकरापेक्षा जास्त."

"झालं तर. तू लाकडं काप. बाकीचं माझ्याकडं लागलं."

सिरिलला नको म्हणायचं होतं. पण फुक्सा आणि लीझा डोळ्यांपुढं उभी राहिली, आणि त्याची मान आपोआप हलली.

त्याची बायको रोझारा रात्रभर कुरकुरली. "गावात करवत काय तुझीच हाय? तो म्हणतो आन हा नंदीबैल मान हलवतो!"

गुरुवारी सकाळी सिरिलनं पट्टा चढवला आणि मोटर सुरू केली. गारठ्यानं बोटं लाकडासारखी झाली होती. बीच झाडाचा ओंडका पुढं रेटला की करवत अशी किंचाळायची की दातांत कळ यायची. भुसा डोळ्यांत, नाकात, कॉलरच्या आत. तो एकामागून एक ओंडके घालत होता, आणि कान मात्र रस्त्यापलीकडं. मध्येच एका ओंडक्यात गाठ लागली. करवत अडकली, पट्टा घसरला, खोपीत एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत डुकराचं ते ओरडणं आलं. उंच, लांब, माणसासारखं. सिरिलनं उघड्या हातांनी पट्टा ओढून चढवला, तळहाताची साल निघाली, तरी ओंडका रेटला. करवत पुन्हा किंचाळली. तळ्याकडच्या घरांतून दोन खिडक्या उघडल्या आणि लगेच बंद झाल्या. गावानं ऐकलं होतं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. ही पण लिपोव्काची एक रीतच.

संध्याकाळी आपोलेना आली. दांडग्या हाडाची बाई, प्रोकोपहून कमी बोलणारी. शालीखालून तिनं निळी किटली काढून टेबलावर ठेवली. लसूण आणि मरव्याचा वास घरभर झाला.

"अगं बाई!" रोझारानं पटकन खिडकीचा पडदा ओढला. "चोरून मारलेल्या डुकराचं कुणी वाटतं व्हय?"

"मी म्हणाले त्याला," आपोलेना म्हणाली. "तो म्हणतो, शेजाऱ्याला न देता खाल्लं तरच ते चोरीचं. आता काय बोलायचं सांग." तिनं सिरिलच्या सोलटलेल्या हाताकडं बघितलं. "शेजारबुवा, त्यावर चरबी लावा." आणि आली तशी निघून गेली.

दोघांनी राय धान्याचा पाव कुस्करून सार ओरपलं. काळं, दाट, ओठांना चिकटणारं. सिरिलला वाटलं, गेल्या कैक वर्षांत प्रोकोपकडचं सार इतकं चांगलं झालं नव्हतं. खाता खाता त्याला थोडं बरंही वाटलं. यंदा प्रोकोपला आपली गरज लागली होती.

सकाळी रोझारानं किटली उचलली. "घासून टाकते. शालीखालनं नेऊन देईन दुपारी."

"घासतेस? डोकं फिरलं काय? त्याचं दुसरं पिल्लू हाय गोठ्यात."

"अरे, दिवस कसले, रीत कसली!"

"रीत ती रीत. त्याला कळलं तर वर्षभर बोलंल." असं म्हणून सिरिलनं तिच्या हातातून किटली घेतली, झाकण दाबलं, आणि बाहेर पडला. खरं सांगायचं तर त्यानं विचारच केला नाही. बापानं केलं, आजानं केलं, पाय सवयीनं रस्ता ओलांडून गेले. बर्फ करकर वाजत होता. त्यानं कुबेशांच्या खांबावर कडी अडकवली आणि वळला.

तळ्यापाशी मोटार उभी होती.

तालुक्याचा तपासनीस आधीच चालत येत होता. बारका माणूस, कातडी कोट, पडशानं लाल झालेलं नाक. मागं दोन पोलीस. तो कुबेशांकडंच निघाला होता, लेव्हीचे बटाटे बघायला. पण खांबावर लोंबणारी निळी किटली पाहून थांबला. त्यानं हातमोजा काढला, झाकण उचललं, आत बोट फिरवलं. बोटावर चरबी आणि बार्लीचा एक काळा दाणा आला.

"ताजं दिसतंय," तो म्हणाला. "सुप्रभात, कॉम्रेड पोहांका. तुमच्याकडं या आठवड्यात डुक्कर मारलं ना? मीच सही केली होती परवान्यावर."

"व्हय."

"मग ही किटली तुमची का?"

तसं बघितलं तर देवानंच सुटकेची वाट काढून दिली होती. सोमवारची आमची, कॉम्रेड, शेजाऱ्याला दिलेली. एवढंच म्हणायचं. नाहीतर नुसतं परत 'व्हय' म्हणायचं. एका शब्दाचं काम. सिरिलला करवत आठवली, पट्टा घसरला ती शांतता आठवली, तुरुंग आठवला. ओठ घट्ट मिटून तो उभा राहिला.

"मी विचारतोय, किटली कुणाची? डुक्कर कुणाचं?"

सिरिलनं तोंड उघडलं नाही. पण त्याचे डोळे गेले. फाटकावरून आत, अंगण ओलांडून, कोठीच्या दाराकडं. त्यानं ते धाडले नव्हते हो! ते आपले आपण गेले, आणि गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. तपासनीसानं त्या डोळ्यांमागोमाग आपली मान वळवली. मग त्यानं बोट किटलीच्या काठाला पुसलं, हातमोजा चढवला आणि अगदी सौम्यपणे म्हणाला, "बरं."

कुबेशांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतला पडदा हलला. पडद्यामागं आपोलेना होती.

कोठीत वाळूखाली, सडक्या बटाट्यांच्या आड, मांस सापडायला वेळ लागला नाही. प्रोकोपला गवताच्या माळ्यावरून खाली आणलं. अंगात नुसता सदरा, केसांत गवताच्या काड्या. तो घोड्यांसाठी गवत काढायला वर चढला होता. मोटारीकडं नेताना तो सिरिलसमोर आला, क्षणभर थांबला आणि त्यानं मान हलवली, बाजारात सौदा पटल्यावर हलवतात तशी. सिरिलला त्याचा अर्थ लागला नाही. शिवी असती तर परवडली असती.

मोटार गेली. किटली बर्फात पडली होती. रोझारानं ती उचलून पदराआड घेतली, घरी आणली आणि माळ्यावर ठेवून दिली. धुतली नाही. परत करणार कुणाला?

प्रोकोपला शिक्षा झाली. घर, जमीन, घोडी, सगळं जप्त. तो कुठल्या तरी खाणीत आहे एवढंच कळलं. आपोलेनाला गावाबाहेरची गुराख्याची जुनी खोपी मिळाली, एक खोली आणि वारा. आणि त्या आठवड्यात लिपोव्कात सगळ्यांनी सह्या केल्या. सिरिलनं पहिल्याच संध्याकाळी केली. शाईची दौत समोर आली तेव्हा कुणी कुणाकडं बघितलं नाही.

वसंतात सिरिलच्या हाती फुक्सा आणि लीझाचे लगाम आले. त्याला घोड्यांची सवय आहे म्हणे! काम काय, तर त्याच्या आणि प्रोकोपच्या रानांमधला बांध नांगरून टाकायचा. आजा-पणजांनी वेचून रचलेले दगड माणसांनी आधीच बाजूला केले होते. बांधावरचं नाशपातीचं झाड तोडलं होतं, बुंधा तेवढा उरला होता.

घोडी नीट चालली. बांधापाशी आली आणि थांबली. तिथं वळायचं असतं, हे त्यांना लहानपणापासून माहीत. फुक्सा आपण होऊन वळायला लागला.

"हो, हो! पुढं! पुढं रं!" सिरिल ओरडला.

घोड्यानं कान मागं टाकले आणि उभा राहिला. सिरिलनं चाबूक मारला. घोडा थरथरला, पण पाय उचलला नाही. आयुष्यात कुणी त्याला चाबकानं मारलं नव्हतं. पलीकडच्या रानात बटाट्याचं बियाणं लावायला वाकलेल्या बाया ताठ झाल्या. त्यांत आपोलेना होती. ती हातातली टोपली खाली ठेवून चिखल तुडवत आली. सिरिलकडं न बघता तिनं फुक्साचं तोंड धरलं, त्याच्या कपाळावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटली. आणि स्वतः पुढं होऊन त्याला बांधावरून पार नेलं. नांगराचा फाळ बांधात शिरला, मुळं तटातट तुटली. आपल्याच बांधावरून आपलंच घोडं नेऊन देऊन बाई परत वाकून कामाला लागली.

दिवसभर सिरिलनं तास काढले. दर वेळी त्या जागी आलं की त्याला वाटायचं, आता जमीन आपल्याला गिळेल तर बरं. जमीन कशाला गिळते! उलट दगड वर टाकत होती.

प्रोकोप तीन हिवाळ्यांनी परत आला. माफी झाली म्हणे. बसमधून उतरला तेव्हा आधी कुणी ओळखलं नाही. खांदे आत गेलेले, समोरचे दात नाहीत, आणि खोकला असा की छातीत कुणी खडी फोडतंय. त्याला काम मिळालं सामुदायिक गोठ्यात, म्हणजे त्याच्याच जुन्या घराच्या अंगणात. रोज पहाटे तो त्याच दगडी खांबाजवळून आत जायचा.

सिरिल त्याला टाळत राहिला. सरळ वाट सोडून तळ्याला वळसा घालायचा. दुकानात प्रोकोप दिसला की आठवायचं, पैसे घरी राहिले. रोझारा म्हणायची, "एकदा जाऊन भेट की. काय खाणार हाय तो तुला?" त्या सकाळचं सिरिल तिला कधी बोललाच नव्हता. ती धरून चालली होती की पोलिसांना किटलीवरून कळलं आणि किटली अडकवली हाच काय तो नवऱ्याचा गाढवपणा. तेवढ्यासाठीच ती त्याला चार वेळा बोलून मोकळी झाली होती. उरलेलं तो एकटा गिळत होता. रात्री झोपेतसुद्धा त्याला आपले डोळे फाटकातून आत जाताना दिसायचे, आणि तो त्यांच्या मागं धावायचा.

पुढच्या थंडीत एका सकाळी दार वाजलं. दारात प्रोकोप.

"चल. डुक्कर मारतोय. आपोलेनाचं मनगट गेलंय. रक्त ढवळायला माणूस पाहिजे."

"मी... मला जरा..."

"काय जरा? बाया पण तुझ्यापेक्षा लवकर तयार हुतात. चल!" आणि बोळकं पसरून हसला.

सिरिल कोट चढवता चढवता पुटपुटला, "करवत चालू करू का?" भीतीनं सुटलं ते तोंडातून. सवय.

प्रोकोप हसता हसता खोकला, खोकता खोकता भिंतीला टेकला. "आज करवत नको रं! आज वरडू दे त्याला. परवाना हाय!"

प्रोकोपच्या खोपीपुढं लाकडी डोण, वाफाळणारं पाणी, राळेची पिशवी, सगळं मांडलेलं. तळ्याकडची चार माणसं मदतीला आली होती. डुक्कर ओरडलं. मोकळ्या हवेत, पूर्ण गावभर. माणसं हसत होती. सिरिलनं बाही खांद्यापर्यंत वर केली, गुडघे टेकले आणि बादलीत हात घातला. गरम रक्त. ढवळायचं, थांबायचं नाही, थांबलं की गोठतं. बोटांना लागणारे दोरे ओढून काढायचे आणि पुन्हा ढवळायचं. हात कोपरापर्यंत लाल झाला. बरं झालं काम खाली बघायचं होतं.

राळ टाकून, उकळतं पाणी ओतून केस खरवडले, डुक्कर आडव्या लाकडाला टांगलं, तेव्हा प्रोकोपनं प्लमच्या दारूची बाटली काढली. पहिला पेला भरून त्यानं सिरिलपुढं धरला.

"हा आधी याला."

"मला कशाला? तू घे..."

"गप. मला बोलू दे." प्रोकोपनं सगळ्यांकडं बघितलं. "त्या दिवशी मी गवताच्या माळ्यावर हुतो. फटीतनं रस्ता दिसतो. या माणसासमोर तो लाल नाक्या उभा. एकदा विचारलं, दोनदा विचारलं. यानं तोंड उघडलं न्हाई! ओठ असे शिवल्यागत. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. खाणीत आमच्यातला प्रत्येकजण सांगायचा, मला भावानं पकडून दिलं, मला मेव्हण्यानं. मी म्हणायचो, मला कुणी न्हाई पकडून दिलं. मला माझ्या किटलीनं पकडून दिलं. माझा शेजारी हूं की चूं बोलला न्हाई. ते माझ्याकडं असं बघायचे, म्हणायचे, नशीबवान हायस गड्या." त्याला पुन्हा खोकला आला. डोळे पुसत तो म्हणाला, "तेवढ्यावर दिवस काढले बघ."

माणसांनी माना डोलावल्या. एकानं सिरिलच्या पाठीवर थाप मारली. पेला सिरिलच्या लाल हातात होता. आता, आता बोलायचं. त्यानं तोंड उघडलं. आणि डोणीपलीकडं उभ्या आपोलेनाची नजर त्याच्या नजरेला भिडली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती फक्त बघत होती, तिला सगळं माहीत होतं.

सिरिलनं पेला रिता केला. दारू घशातून निखाऱ्यासारखी गेली.

तो पंपावर हात धुवायला गेला, तशी ती मागून आली. पंपाचा दांडा तिनं चांगल्या हातानं दाबला. गार पाणी त्याच्या हातावरून लाल होऊन वाहायला लागलं.

"आपोलेना, मी त्याला..."

"न्हाई सांगायचं," ती हळू आवाजात म्हणाली. "मी पडद्यामागनं बघितलं हुतं, शेजारबुवा. फाटकाआड तुमचं तोंड न्हवतं दिसत मला. डोळे दिसत हुते."

"मला फासावर दे, पण..."

"मला काय करायचंय तुमच्या फासाचं? डॉक्टर म्हणतो, त्याच्या छातीत आता काही उरलं न्हाई. एवढं एक हाय, ते तुम्ही काढून घेऊ नका. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून त्याच्या उरावर दगड ठेवणार काय?" तिनं दांडा सोडला. "किटली तुमच्याकडं असंल. आणा. सार द्यायचंय."

रोझारानं माळ्यावरून किटली काढून दिली. आत तीन-चार हिवाळ्यांपूर्वीचा थर वाळून काळा खडक झाला होता, टवक्याजवळ गंज चढला होता. ती घासायला लागली तर सिरिल मध्ये पडला नाही. ही रीतीबाहेरची गोष्ट, पण गंजात सार कसं घालणार? वाळूनं घासून घासून तिची बोटं लाल झाली. सिरिलनं ती नेली तेव्हा प्रोकोपनं झाकण उचलून आत बघितलं आणि भुवया चढवल्या.

"घासलीस? अरे वा! खाणीत मी गेलो, आन रीत तू इसरलास!" हसत हसत त्यानं पळीनं काठोकाठ सार भरलं. "आता मात्र न धुता. उद्या खांबावर अडकव. पयल्यासारखी. सकाळी गोठ्यात येताना घेईन."

"घरीच आणून देतो की..."

"खांबावर! गावाला दिसू दे."

रात्री रोझारानं पाव कुस्करला, सार वाढलं. "जेव की," ती म्हणाली. सिरिल जेवला. लसूण, मरवा, बार्ली, सगळं जिथल्या तिथं होतं. त्यानं ताट रिकामं केलं. टाकलं असतं तर रोझारानं विचारलं असतं.

सकाळी बर्फ भुरभुरत होता. रोझारा म्हणाली, "दे, मी जाते." तो म्हणाला, "नको." न धुतलेल्या किटलीचं झाकण दाबून त्यानं रस्ता ओलांडला. तेवढीच पावलं, पण संपता संपेनात. खांबावर अडकवताना कडी दोनदा दगडावर आपटली. मग तो घरी येऊन खिडकीच्या मागं उभा राहिला. अगदी पडद्यामागं.

प्रोकोप आला. खांबापाशी थांबला, दम घेतला, झाकण उचलून आत डोकावला. बार्लीचे दाणे, पांढरी चरबी. त्याच्या बोळक्या तोंडावर असं हसू पसरलं की सिरिलला ते रस्त्यापलीकडून दिसलं. मग त्यानं खिडकीकडं बघितलं आणि किटली वर उचलून दाखवली. सिरिलनं हात वर केला. डोळे कुठं ठेवावेत ते मात्र त्याला कळेना. त्यानं ते खाली घातले, आपल्या बुटांवर.

प्रोकोप पुढच्या हिवाळ्याला नव्हता. आपोलेनानं किटली ठेवली, आणि दर वर्षी डुक्कर पडलं की ती सिरिलच्या घरी भरून येत राहिली, आणि खांबावर न धुता अडकत राहिली. सिरिल पोहांका बरीच वर्षं जगला. कुणाशी बोलताना त्यानं कधी समोरच्याकडं बघितलं नाही, नजर कायम खाली. गावातली माणसं नव्या सुनांना सांगायची, "लई गरीब स्वभावाचा माणूस हो. पोलिसांपुढं तोंड उघडलं न्हाई, आन आजपातुर मान वर करून बोलत न्हाई."